ज्यूल्स व्हर्न आणि एच. जी. वेल्स वाचायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सायन्स फिक्शनचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. इथे मुख्यतः फ्रेंच व्हर्न आणि इंग्रज वेल्स आहेत, बाकीचे जाता जाता. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, यातलं कुठलंही पुस्तक घ्या पण पूर्ण घ्या, कापलेलं घेऊ नका. का, ते कॅप्टन नेमोच्या, म्हणजे 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधल्या पाणबुडीच्या कप्तानाच्या, प्रश्नांत सविस्तर आलंय.

सुरुवात कुठून करू?

वेल्सच्या 'टाइम मशीन'पासून. 1895 चं पुस्तक आहे, छोटंसं, दोन संध्याकाळी बसलात तर संपेल आणि नंतर आठवडाभर डोक्यात राहील. व्हर्नपैकी आधी 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' किंवा पृथ्वीच्या पोटातली सफर, ती 1864 ची. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' तिसरं घ्या, कारण ते संथ आहे आणि व्हर्नची सवय झाल्यावरच त्याची खरी मजा येते.

वीस हजार लीग म्हणजे समुद्रात किती खोल?

खोली नाहीच ती. पाण्याखालून केलेल्या प्रवासाचं अंतर आहे ते. व्हर्नची लीग 4 किलोमीटरची, म्हणजे 80,000 किलोमीटर, पृथ्वीला दोन वेढे होतील एवढं.

कॅप्टन नेमो खरंच भारतीय आहे का?

हो, आणि हे अजून कित्येकांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' 1869-70 मध्ये आलं, त्यात नेमो कुठल्या देशाचा हे सांगितलेलंच नाही. तो कोण ते कळतं पुढच्या कादंबरीत, 1874-75 च्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये, तेही शेवटी शेवटी. तो राजपुत्र डाक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा भाचा असं व्हर्न सांगतो. दहाव्या वर्षी युरोपला शिकायला पाठवलेला, तिशीत परत आलेला, मग 1857 च्या उठावात उतरलेला, वीस चकमकी आणि दहा जखमा. बायकामुलं त्यात गेली. उठाव मोडल्यावर उरलेल्या मोजक्या साथीदारांना घेऊन तो पॅसिफिकमधल्या एका ओसाड बेटावर जातो आणि तिथे नॉटिलस ही पाणबुडी बांधतो. बुंदेलखंडचा राजा आणि टिपू हे नातं इतिहासात कुठे बसवायचं हा प्रश्न आहेच, शिवाय दोन्ही कादंबऱ्यांच्या तारखाही एकमेकींशी जुळत नाहीत, पण झाशी ज्या मुलखात येते त्याच मुलखातला माणूस व्हर्नने निवडला हे काही उगाच झालेलं नाही.

खरं तर आधी त्याच्या डोक्यात नेमो पोलिश होता, 1863 च्या पोलिश उठावात रशियनांनी ज्याचं घरदार संपवलं असा. प्रकाशक एत्झेल नको म्हणाला, कारण पुस्तकं रशियात भरपूर खपायची आणि बंदी ओढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. मग पहिल्या कादंबरीत देशच गाळला आणि पुढे तो राग भारताच्या वाट्याला आला.

तरी पहिल्या पुस्तकातही एक खूण आहे. सिलोनजवळ मोती काढणाऱ्यांचा भाग काढून नीट वाचा. एक गरीब पाणबुड्या एकटाच बुड्या मारतोय, दोन पायांत दगड, शिंपला उचलायचा, दोर ओढून वर जायचं, पुन्हा खाली. त्याच्यावर शार्क येतो आणि नेमो, जो जगाशी सगळे संबंध तोडलेत म्हणत असतो, तो हातात फक्त खंजीर घेऊन त्या शार्कच्या अंगावर जातो. सोबतच्या नेड लँडच्या हार्पूनमुळे नेमो वाचतो. मग शुद्धीवर येणाऱ्या त्या माणसाच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो आणि नंतर गोष्ट सांगणाऱ्या प्रोफेसर अरोनाक्सला सांगतो की हा माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा आहे. सगळं पुस्तक या एका प्रसंगावर उभं आहे असं मला वाटतं. पाणबुडीची यंत्रं, विजेचे दिवे, ते सगळं या रागाला लपायला जागा म्हणून आहे.

मी वाचलेल्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये नेमो असा बोलत नाही, असं कसं?

कारण तुम्ही बहुतेक 1875 चं इंग्रजी भाषांतर वाचलंय, किंगस्टनच्या नावावरचं. ते जुनं, कॉपीराइट संपलेलं, म्हणून फुकट सगळीकडे तेच मिळतं आणि स्वस्तातल्या छापील पुस्तकांतही तेच असतं. त्यात 1857 चा भाग मुळातला राहिलेलाच नाही. मूळ फ्रेंचमध्ये व्हर्नची सहानुभूती उठाव करणाऱ्यांकडे आहे. या इंग्रजीत त्या जागी चक्क नवीन वाक्यं घुसवलीत, की इंग्रजांनी भारताला अराजकातून बाहेर काढलं, शांतता आणि सुबत्ता आणली आणि अडाणी, अंधश्रद्धाळू लोक आपल्या महत्त्वाकांक्षी राजांच्या हातातलं खेळणं बनले. व्हर्नने यातलं काहीही लिहिलेलं नाही. म्हणजे एका फ्रेंच माणसाने आपल्या बाजूने लिहिलेलं पान दीडशे वर्षं आपल्याच पोरांच्या हातात उलटं होऊन पडतंय, आणि पुस्तकावर नाव मात्र व्हर्नचं.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'चं तसंच. लुईस मर्सिए नावाच्या पाद्र्याने 1872 च्या सुमारास जे इंग्रजी केलं त्यात जवळपास पाव पुस्तक गळलंय. गळलंय ते काय, तर विज्ञानाचे तपशील आणि राजकारण, म्हणजे व्हर्नचे दोन्ही हात. उरली ती नुसती साहसकथा, आणि मग लोक म्हणतात व्हर्न काय मुलांचा लेखक. चूक वाचणाऱ्याची नाहीये, त्याच्यापर्यंत पोचलंच तेवढं.

मग चांगली आवृत्ती ओळखायची कशी?

विकत घेण्याआधी दोन मिनिटं आत डोकवा, तेवढं पुरतं.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'चं दुसरं प्रकरण उघडा. प्रोफेसर नेब्रास्कातून परत आलेला असतो. तिथे 'डिसॅग्रीएबल टेरिटरी ऑफ नेब्रास्का' असं दिसलं तर ते मर्सिएचं, खाली ठेवा. 'बॅडलँड्स' दिसलं तर बरोबर, कारण मुळात त्या भागाचं नावच ते आहे. एफ. पी. वॉल्टर यांचं पूर्ण भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, विल्यम बुचरचं ऑक्सफर्डने काढलेलं आहे, दोन्ही उत्तम.

पृथ्वीच्या पोटातल्या सफरीत प्रोफेसरचं नाव बघा. तो लिडेनब्रॉक आहे आणि पुतण्या अॅक्सेल. प्रोफेसर हार्डविग आणि पुतण्या हॅरी अशी नावं असतील तर ते 1871 चं इंग्रजी, त्यात भाषांतरकाराने मनाने वाटेल तेवढी भर घातलीय.

'मिस्टीरियस आयलंड'साठी 2001 मध्ये दोन नवी पूर्ण भाषांतरं आली, सिडनी क्रॅविट्झचं आणि जॉर्डन स्टम्पचं. दोन्हीपैकी कुठलंही घ्या, पैसे वसूल.

फिलियस फॉगच्या प्रवासात मुंबई येते ना? आणि भारत कितपत बरोबर दाखवलाय?

येते. 'अराउंड द वर्ल्ड'चा नायक फॉग 20 ऑक्टोबरला मुंबईत उतरतो, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, आणि शहर बघायच्याही भानगडीत पडत नाही. त्याचा नोकर पासपार्तू मात्र मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बडवतात, बूट तिथेच राहतात आणि तो अनवाणी, बिनटोपीचा धावत स्टेशन गाठतो. बऱ्हाणपूरला गाडी थांबल्यावर तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. असले बारीक तपशील व्हर्न इतके सहज पेरतो की माणूस इथे येऊन गेलाय असंच वाटतं, पण तो भारतात कधीच आला नव्हता, सगळं नकाशे, मासिकं आणि प्रवासवर्णनं वाचून.

मग चुकाही आहेत. गोष्टीत रेल्वे मध्येच संपते, अलाहाबादच्या आधी पन्नासेक मैल रूळच नाहीत आणि फॉग दोन हजार पौंडांना हत्ती घेतो. गोष्ट 1872 ची आणि मुंबई-कलकत्ता लाइन 1870 मध्येच जोडून झाली होती. पण गॅप नसता तर हत्ती आला नसता.

हत्तीवरून आठवलं, व्हर्नची पूर्ण भारतात घडणारी एक कादंबरी आहे, 1880 ची 'द स्टीम हाउस'. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, मागे बंगल्यासारखे दोन डबे आणि त्यात बसून इंग्रज मंडळी उत्तर भारत हिंडतात. तिची सुरुवात कुठे होते माहितीये? औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1867 च्या मार्चमध्ये, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम अशी जाहीर नोटीस भिंतीवर लागलीय आणि लोक ती वाचतायत. इथे नानासाहेब खलनायक आहेत, कानपूरच्या हत्याकांडाचा सूड हा कथेचा गाभा, त्यामुळे वाचताना आपल्याला टोचतं. तरी इंग्रजांनी उठावानंतर केलेले अत्याचारही व्हर्न लिहितो. नेमोवाला व्हर्न आणि हा व्हर्न एकच, ते दोन्ही वाचल्यावरच कळतं.

व्हर्नने चंद्रावरची मोहीम शंभर वर्षं आधी 'भाकीत' केली होती हे खरं का?

ही पोस्ट दर जुलैमध्ये फिरते. जुलै 1969 च्या अपोलो 11 शी जुळणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. 1865 ची 'फ्रॉम द अर्थ टू द मून', अमेरिकन मोहीम, फ्लोरिडातून उड्डाण, तीन माणसं, अॅल्युमिनियमचं यान आणि कादंबरीच्या पुढच्या भागात परत येताना पॅसिफिकमध्ये पडणं. पण याला भाकीत म्हटलं की व्हर्नची खरी करामत झाकली जाते. त्याने हिशोब केला, किंवा त्याच्या गणितज्ञ मावस-चुलत भावाकडून, आंरी गार्से त्याचं नाव, करून घेतला. पृथ्वीची ओढ तोडायला किती वेग लागेल? त्याने धरला सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे जवळपास 11 किलोमीटर, आणि खरा आकडा 11.2 आहे. चंद्र डोक्यावर यायला हवा म्हणून जागा 28 अंश अक्षांशाच्या दक्षिणेला, आणि अमेरिकेत अशा जागा दोनच, फ्लोरिडा आणि टेक्सास. मग दोन्ही राज्यांचं भांडण लावून दिलंय आणि ती प्रकरणं फार बहारदार आहेत. नासाने फ्लोरिडा निवडलं ते वेगळ्या कारणांनी, पूर्वेला मोकळा समुद्र आणि पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा.

आता चूक. व्हर्नचं यान तोफेतून उडतं, 900 फूट लांब तोफ. 900 फुटांत शून्यावरून 11 किलोमीटरचा वेग गाठायचा तर आतल्या माणसावर गुरुत्वाच्या वीस हजार पटीहून जास्त जोर पडतो, 70 किलोचा माणूस त्या क्षणी 1400 टनांचा. पाण्याच्या गाद्या वगैरे उपाय त्याने लिहिलेत, त्याने काही होत नाही.

दुसरी चूक मला जास्त आवडते, कारण ती त्याच्या स्वतःच्याच पानावर उघडी पडते. प्रवासात सॅटेलाइट नावाचा कुत्रा मरतो, त्याला खिडकीतून बाहेर टाकतात आणि तो मागे पडत नाही, यानाच्या बरोबरीने तरंगत येत राहतो. एकदम बरोबर, बाहेरचा कुत्रा आणि यान दोन्ही सारखेच पडतायत. पण मग आतली माणसंही तरंगायला हवीत ना? ती मात्र जमिनीवर चालतायत, जेवतायत, आणि वजन जातं ते फक्त पृथ्वी-चंद्राची ओढ सारखी होते त्या एका ठिकाणी. अकरावीच्या मुलांना भारहीनता शिकवायला याच्यापेक्षा चांगला उतारा मिळणार नाही. रशियात त्सिओलकोव्स्की हेच पुस्तक वाचून या विषयाकडे वळला, त्याने त्यातली गणितं तपासली आणि 1903 मध्ये रॉकेटचं समीकरण छापलं.

वेल्स व्हर्नपेक्षा वेगळा कसा?

व्हर्नला यंत्र कसं चालतं ते सांगायचं असतं, वेल्सला ते आल्यावर माणसाचं काय होतं ते. वेल्सची माणसं 1901 मध्ये चंद्रावर जातात ती कॅव्होराइटने, गुरुत्व अडवणारा पदार्थ. म्हातारा व्हर्न यावर वैतागला होता, मी तोफ वापरली, ती खरी असते, याने तो पदार्थ आणून दाखवावा असा त्याचा सूर. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर, पण वेल्सला तो वादच खेळायचा नव्हता.

'टाइम मशीन' बघा. सन 8,02,701 मध्ये वर उन्हात बागडणारे नाजूक इलॉय आणि खाली जमिनीत यंत्रं चालवणारे मॉरलॉक. हे त्याला कुठून सुचलं? वेल्सची आई अपपार्क नावाच्या बड्या हवेलीत हाउसकीपर होती, तिथे नोकरांचा वावर तळघरात आणि भुयारांतून, मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून. स्वतः वेल्स कापडाच्या दुकानात उमेदवारी करून पिचलेला, मग स्कॉलरशिपवर लंडनला गेला आणि तिथे डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सली त्याला जीवशास्त्र शिकवायला. तळघर आणि उत्क्रांती, दोन्ही एकत्र आलं. मालक आणि मजूर असेच आठ लाख वर्षं वेगळे राहिले तर काय होईल, एवढाच प्रश्न त्याने शेवटपर्यंत ताणला.

'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' रेडिओवर ऐकून सगळी अमेरिका रस्त्यावर आली होती?

नाही. 30 ऑक्टोबर 1938 ला ऑर्सन वेल्सने (हा वेगळा, अमेरिकन वेल्स) मंगळवाले पृथ्वीवर चाल करून येतात ही वेल्सची गोष्ट बातमीपत्राच्या ढंगात रेडिओ-नाटक म्हणून केली, काही लोक खरंच घाबरले, पण देशभर पळापळ ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. कादंबरी मात्र 1898 ची आणि पहिल्याच प्रकरणात वेल्स आपल्या इंग्रज वाचकाला आठवण करून देतो की टास्मानियातल्या मूळच्या लोकांना आपण पन्नास वर्षांत संपवलं, मग मंगळवाल्यांनी तसंच केलं तर कुठल्या तोंडाने तक्रार करायची? साम्राज्य ऐन भरात असताना लंडनमध्ये हे छापलंय.

अदृश्य माणूस खरंच शक्य आहे का?

अख्खं शरीर पारदर्शक झालं तर डोळ्याचा पडदाही पारदर्शक होणार, प्रकाश आरपार जाणार आणि त्याला काही दिसणारच नाही. आंधळा. पण वेल्सचं 'द इन्व्हिजिबल मॅन' वाचाच, कारण त्यातल्या अदृश्य ग्रिफिनची थंडी, भूक आणि चिखलात उमटणारी पावलं फार जिवंत आहेत.

अणुबॉम्बची कल्पना खरंच कादंबरीतून आली?

शब्द आणि चित्र वेल्सचं, 'द वर्ल्ड सेट फ्री', 1914. रेडियमवरचं फ्रेडरिक सॉडीचं पुस्तक वाचून लिहिलेलं. कादंबरीत अणुऊर्जा हाती लागते ते साल 1933. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने हे पुस्तक 1932 मध्ये वाचलं आणि सप्टेंबर 1933 मध्ये लंडनच्या रस्त्यावर सिग्नलपाशी त्याला न्यूट्रॉनची साखळी प्रक्रिया सुचली, एका न्यूट्रॉनमधून दोन, दोनातून चार अशी. 1934 मध्ये त्याने पेटंट भरलं आणि ते उघड होऊ नये म्हणून पुढे ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं. काय होऊ शकतं हे त्याने वेल्सच्या पुस्तकात वाचलेलं होतं, म्हणूनच लपवायची घाई. कल्पना पुस्तकाने दिली असं मी म्हणणार नाही, भौतिकशास्त्र त्याचंच होतं, पण भीती नक्की पुस्तकाने दिली.

पहिली विज्ञानकथा कोणती?

यावर भांडणं चालूच राहतील. माझं मत मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ला, 1818. लिहायला घेतलं तेव्हा ती 18 वर्षांची होती. फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव, त्या जिवाला पुस्तकात नावच नाही.

तेव्हा आपल्याकडे कोणी असं लिहीत होतं का?

बंगालमध्ये होते. जगदीशचंद्र बोस, हो तेच शास्त्रज्ञ, त्यांनी 1896 मध्ये एका केसांच्या तेलाच्या कंपनीच्या कथास्पर्धेसाठी गोष्ट लिहिली, त्यात भर समुद्रात ओतलेली तेलाची बाटली वादळ शमवते. आणि बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम', 1905, इंग्रजीत लिहिलेली, मद्रासच्या मासिकात छापलेली. तिथे बायका राज्य चालवतात, पुरुष पडद्यात, सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक होतो आणि लढाईही जिंकली जाते. अर्ध्या तासात वाचून होते, आजच वाचा.

मराठीत व्हर्न घराघरात नेला तो फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांनी. मुलांसाठी केलेली रूपांतरं आहेत, त्यांची भाषा इतकी घरची आहे की ती कापलेल्या इंग्रजी आवृत्त्यांच्या रांगेत बसवू नका. आणि मग 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते निघाले जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली, आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधल्या माशांच्या त्या लांबलचक याद्या गाळल्या तर चालेल?

चालेल. पहिल्या वाचनात खुशाल पान उलटा. पण भाषांतरकाराने गाळून देणं आणि तुम्ही स्वतः पान उलटणं यात फरक आहे, ते पान तिथे असू द्या.

या पुस्तकांत वंशवाद आहे म्हणतात, मुलांना द्यावीत का?

आहे. व्हर्नच्या पहिल्या कादंबरीत, 1863 च्या बलूनवाल्या, आफ्रिकन माणसांची माकडांशी तुलना करणारा एक विनोद आहे तो आज वाचवत नाही. 'हेक्टर सर्व्हादाक'मधला ज्यू व्यापारी तर सरळ द्वेषाने रंगवलाय. दहा-बारा वर्षांच्या मुलांना फॉग आणि लिडेनब्रॉक द्या, सोबत बसून वाचलंत तर अजून चांगलं, असा उतारा आला की थांबून बोला. वेल्सचं 'डॉक्टर मोरो' मात्र पंधरानंतर, जिवंत प्राण्यांवरच्या शस्त्रक्रिया आहेत त्यात, मोठ्यांनाही झोप लागत नाही.

मला स्वतःला मराठीत भाषांतर करायचंय, परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. व्हर्न 1905 मध्ये गेला, वेल्स 1946 मध्ये, त्यामुळे दोघांचं मूळ लिखाण मोकळं आहे. पण वॉल्टर, बुचर, स्टम्प यांची इंग्रजी भाषांतरं नवी आहेत, त्यांचे हक्क वेगळे, त्यावरून मराठी करायचं तर आधी विचारावं लागेल. भागवतांची रूपांतरंही तशीच, ते 2001 मध्ये गेले. वेल्स थेट इंग्रजीतून करता येईल. व्हर्नसाठी मूळ फ्रेंच मजकूर घ्या, तो मोकळा आहे आणि नेटवर सहज मिळतो, फ्रेंच येत नसेल तर येणारा एखादा जोडीदार गाठा आणि 'मिस्टीरियस आयलंड'मधलं नेमोचं प्रकरण आधी करायला घ्या, बाकीचं मागून.